नव्या स्वयंसेवकाला प्रकल्पाचा कोड आणि साधनं समजावून देताना: कशानंतर काय

ओपन सोर्स प्रकल्पात नवा माणूस येतो, "मदत करायची आहे, कुठून सुरुवात करू?" असं विचारतो. त्यावर त्याला बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर मिळतं. एक तर "कोड वाच, कळेल", नाही तर तासाभराचा व्हिडिओ कॉल, ज्यात एकेका फोल्डरची ओळख करून दिली जाते. माणूस दोन्हीकडे गळतो. पहिल्या उत्तरात त्याला शिरायला दारच सापडत नाही. दुसऱ्यात सगळं ऐकूनही त्याच्या मशीनवर अजून काहीच चालत नसतं, त्यामुळे ऐकलेलं डोक्यात टिकत नाही.

हा लेख मेंटेनरांसाठी, म्हणजे प्रकल्पाची देखभाल करणाऱ्यांसाठी, आणि जुन्या योगदानकर्त्यांसाठी आहे. सांगायचं आहे ते मुख्यतः क्रमाबद्दल. आधी साधनं चालू झाली पाहिजेत, मग केलेला एक बदल डोळ्यांनी दिसला पाहिजे, मग कोडमधला एकच धागा टोकापासून टोकापर्यंत पकडायचा, आणि त्यानंतर काम हातात द्यायचं. प्रकल्पाची रचना वेगळी शिकवत बसायची गरज नाही, ती त्या धाग्यासोबत कळत जाते. चुका होतात त्या हा क्रम उलटा केल्यामुळे.

## १. माणूस येण्याआधी: कोऱ्या मशीनवर बिल्ड

तुमच्या लॅपटॉपवर प्रकल्प चालतो, यावरून नव्या माणसाच्या लॅपटॉपवर काय होईल हे कळत नाही. तुमच्याकडे कधीतरी बसवलेल्या लायब्ररी आहेत, शेलच्या सेटिंगमध्ये पडून राहिलेले एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहेत, आणि हाताला लागलेल्या सवयी आहेत. त्यांतलं काहीच कागदावर नाही. म्हणून:

1. कोरा कंटेनर किंवा व्हर्च्युअल मशीन घ्या. तेही जमत नसेल तर निदान नवं युजर अकाउंट उघडा.
2. तुमच्याच सूचना उघडा आणि त्यात लिहिलंय तेवढंच करा. एखादी पायरी आठवणीतून पुरी करायचा मोह होईल. तिथेच थांबा आणि ती पायरी लिहून काढा.
3. भाषेची, कंपायलरची आणि पॅकेज मॅनेजरची नेमकी आवृत्ती नोंदवा. "ताजी आवृत्ती चालेल" असं लिहू नका, कारण ताजी आवृत्ती दर काही महिन्यांनी वेगळी असते.
4. पहिल्या बिल्डला, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करायला, लागणारा वेळ, डिस्कवरची जागा आणि मेमरी लिहा. चाळीस मिनिटं लागणार हे आधी माहीत असलं तर माणूस वाट पाहतो. माहीत नसेल तर दहाव्या मिनिटाला काहीतरी बिघडलं म्हणून बिल्ड मारून टाकतो.
5. बिल्ड यशस्वी झाल्यावर शेवटच्या दोन-तीन ओळी कशा दिसतात ते जसंच्या तसं चिकटवा. इशाऱ्यांचे, म्हणजे वॉर्निंगचे, ढीग पडत असतील तर "हे इशारे नेहमीचेच आहेत" असं स्पष्ट लिहा.

बिल्ड जड असेल तर हलकी वाट आहे का ते शोधा. फायरफॉक्समध्ये ज्याला फक्त जावास्क्रिप्ट किंवा सीएसएसचा भाग बदलायचा आहे, त्याला आर्टिफॅक्ट बिल्ड वापरता येतं. सी++ आणि रस्टमधले भाग तयार अवस्थेत उतरवले जातात आणि कंपाइलचा मोठा वेळ वाचतो. रस्ट कंपायलरच्या प्रकल्पातही एलएलव्हीएम, म्हणजे यंत्रासाठीचा कोड तयार करणारा भाग, स्वतः बांधण्याऐवजी तयार उतरवून घेता येतं. तुमच्या प्रकल्पात एवढी सोय नसेल, पण अर्धे भाग वगळून बिल्ड करण्याचा एखादा पर्याय असतोच. तो जुन्यांना तोंडपाठ असतो आणि सूचनांमध्ये सापडत नाही.

जपून: विंडोजवर तीन ठिकाणी हमखास अडतं. ओळीच्या शेवटच्या चिन्हांमुळे शेल स्क्रिप्ट मोडतात, २६० अक्षरांच्या मर्यादेत खोल फोल्डरांचे पाथ बसत नाहीत, आणि फक्त लहान-मोठ्या अक्षराचा फरक असलेल्या दोन फाइली एकाच फोल्डरमध्ये राहू शकत नाहीत. ही शेवटची अडचण मॅकवरही येते. ओळींचा प्रश्न गिटच्या, म्हणजे कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या साधनाच्या, ‘.गिटअ‍ॅट्रिब्युट्स’ फाइलने प्रकल्पाच्या बाजूनेच सोडवा. प्रत्येक नव्या माणसाला सेटिंग बदलायला लावू नका.

ताळा: प्रकल्प न वापरलेल्या एखाद्या सहकाऱ्याने एकही प्रश्न न विचारता बिल्ड पूर्ण केलं का? केलं नसेल तर पुढच्या पायऱ्यांवर खर्च केलेला वेळ वाया जाईल.

## २. कुठला मजकूर कुठल्या फाइलमध्ये

रीडमी ही वापरणाऱ्यासाठी असते. कॉन्ट्रिब्युटिंग फाइल कोड पाठवणाऱ्यासाठी असते: बिल्ड, टेस्ट, ब्रँचचे (कोडच्या वेगळ्या फांद्यांचे) नियम, पॅच (केलेला बदल) पाठवायची पद्धत. रचनेची फाइल वेगळी असावी आणि छोटी असावी. दोन पानं पुरतात. तिच्यात इतकंच लिहायचं: मोठे भाग कोणते, कोण कोणाला हाक मारतो, आणि कुठली सीमा कधीच ओलांडायची नाही. उदाहरणार्थ, "स्क्रीन काढणारा भाग डेटाबेसला थेट हात लावत नाही." असे न करायचे नियम कोड वाचून कळत नाहीत. जी गोष्ट कोडमध्ये नाहीच, ती वाचणार कशी? म्हणून त्या लिहिणं सगळ्यांत मोलाचं.

फंक्शनांची यादी या फाइलमध्ये घालू नका. ती काही आठवड्यांत शिळी होते, आणि शिळा कागद नव्या माणसाला कागद नसण्यापेक्षा जास्त फिरवतो.

## ३. पहिलं बोलणं

पहिल्या उत्तरात लांबलचक दुव्यांची यादी पाठवायची सवय सोडा. आधी चार गोष्टी विचारा: ऑपरेटिंग सिस्टिम कोणती, कोणत्या भाषेत काम केलंय, आठवड्यात साधारण किती वेळ देता येईल, आणि या प्रकल्पात काय खटकलं किंवा आवडलं म्हणून आलात. चौथ्या प्रश्नाचं उत्तर नीट वाचा. स्वतःला सतावणाऱ्या बगसाठी आलेला माणूस तो बग सुटेपर्यंत तग धरतो. त्याला सरधोपट यादीतलं भलतंच काम दिलं तर ती ओढ वाया जाते.

बोलणं शक्यतो सार्वजनिक ठिकाणी ठेवा, म्हणजे तोच प्रश्न पुढच्याला शोधून सापडेल. पण नवखा माणूस सगळ्यांसमोर अडाणी दिसायला घाबरतो, आणि मग ताकाला जाऊन भांडं लपवतो. "बिल्डबद्दल थोडं विचारायचं होतं" इतकंच लिहून थांबतो. त्याला प्रश्नाचा साचा द्या: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि एररचा पूर्ण मजकूर. स्क्रीनशॉट नको, मजकूर हवा, कारण स्क्रीनशॉटमधला मजकूर शोधता येत नाही.

अजून एक नियम पहिल्याच दिवशी सांगा: एकाच अडचणीवर अर्धा तास गेला की विचारायचं. नियम तुमच्याकडून आला की विचारण्यातली लाज जाते.

## ४. मशीन उभं करणं

1. फोर्क करून, म्हणजे स्वतःच्या खात्यावर प्रकल्पाची नक्कल काढून, आपली प्रत घ्यायची. स्वतःच्या फोर्कला ‘ओरिजिन’ आणि मूळ प्रकल्पाला ‘अपस्ट्रीम’ ही नावं. दोन्ही पहिल्याच दिवशी जोडून घ्या.
2. मुख्य ब्रँचवर काहीच करायचं नाही. प्रत्येक कामाला वेगळी ब्रँच, आणि ती अपस्ट्रीमच्या ताज्या मुख्य ब्रँचवरून काढलेली.
3. बिल्ड.
4. सगळ्या टेस्ट चालवण्याआधी एकच टेस्ट चालवायची. एक फाइल किंवा एक टेस्ट कशी चालवायची हे माहीत नसल्यामुळे माणसं दर बदलाला सगळा संच चालवत बसतात आणि कंटाळून टेस्ट चालवणंच सोडतात.
5. मग एकदा सगळ्या टेस्ट. आधीपासूनच मोडलेल्या किंवा कधी चालणाऱ्या, कधी न चालणाऱ्या टेस्टची यादी त्याच्या हातात असू द्या.

मोठी रिपॉझिटरी (प्रकल्पाचा कोड आणि इतिहास यांचा साठा) उतरवताना पुष्कळ जण ‘डेप्थ १’ चा, म्हणजे फक्त ताजी अवस्था घेण्याचा, सल्ला देतात, कारण झटपट काम होतं. पण त्यात इतिहास येत नाही. पुढे कोणती ओळ कुठून आली ते दाखवणारं ‘गिट ब्लेम’ केलं की जवळजवळ प्रत्येक ओळ एकाच कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) नावावर दिसते, आणि बिघाड कोणत्या कमिटमध्ये आला ते शोधणाऱ्या ‘गिट बायसेक्ट’ला मागे जायला जागाच नसते. शिकायला आलेल्या माणसाचं निम्मं शिक्षण इतिहासात असतं. त्याऐवजी ‘गिट क्लोन’ला ‘--फिल्टर=ब्लॉब:नन’ हा पर्याय द्यायला सांगा. कमिटचा सगळा इतिहास येतो आणि जुन्या फाइलींचा मजकूर लागेल तसा नंतर उतरतो. डाउनलोड हलकं होतं आणि वाटही बंद होत नाही.

जपून: नोडचा, म्हणजे जावास्क्रिप्टचा, प्रकल्प असेल तर ‘एनपीएम इन्स्टॉल’ आणि ‘एनपीएम सीआय’ यांतला फरक इथेच सांगा. ‘एनपीएम सीआय’ लॉक फाइलमध्ये, म्हणजे लायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्यांच्या नोंदीत, आहे तेच बसवतं आणि लॉक फाइलला हात लावत नाही. ‘इन्स्टॉल’ ती बदलू शकतं. नव्या माणसाच्या दोन ओळींच्या पहिल्या पॅचमध्ये लॉक फाइलचे शेकडो बदल दिसतात ते यामुळेच, आणि ते कुठून आले हे त्याला स्वतःलाच माहीत नसतं.

## ५. एक दिसणारा बदल

ही पायरी लहान आहे, पण हिला वगळू नका. स्क्रीनवर दिसणारा एखादा शब्द किंवा कमांडच्या मदतीच्या मजकुरातली एक ओळ बदलायला सांगा. बिल्ड करायचं, चालवायचं आणि बदल दिसतो का पाहायचं. हा बदल कुठे पाठवायचा नाही.

कशासाठी? आपण बदलतो तोच कोड चालतो आहे, याची खात्री करण्यासाठी. ही खात्री नसताना लोक दोन-दोन दिवस घालवतात. कारणं ठरलेली आहेत:

- मशीनवर पॅकेज मॅनेजरने बसवलेली जुनी प्रत आहे आणि टर्मिनल तीच चालवतंय.
- पायथनमध्ये ‘पिप इन्स्टॉल’ने कोडची नक्कल वेगळ्या फोल्डरमध्ये गेली आहे. ‘एडिटेबल’ पद्धतीने बसवलं असतं तर समोरचीच फाइल चालली असती.
- ब्राउझरने जुनं जावास्क्रिप्ट साठवून ठेवलं आहे.
- मुख्य प्रोग्राम नवा आहे, पण तो जुनीच शेअर्ड लायब्ररी उचलतो आहे.

ताळा: बदलाऐवजी मुद्दाम चुकीचा कोड लिहून पाहा. बिल्ड मोडायला हवं किंवा प्रोग्राम कोसळायला हवा. तरीही सगळं सुरळीत चाललं, तर चालतोय तो दुसराच कोड.

## ६. एकच धागा, टोकापासून टोकापर्यंत

आता कोड. इथे सर्वांत जास्त वेळ द्या. शक्य असेल तर सोबत बसा, पण कीबोर्ड नव्या माणसाच्या हातात ठेवा.

वापरकर्त्याची एकच कृती निवडा. समजा प्रकल्प चित्रं पाहण्याचा प्रोग्राम आहे. बिघडलेली फाइल उघडली की "फाइल वाचता आली नाही" असा संदेश येतो. तो संदेश नेमका कुठून येतो, हा आपला प्रश्न.

शोध. ‘गिट ग्रेप’ने संदेशाचा मजकूर शोधायचा. पहिल्यांदा अनुवादाच्या फाइलींचा लोंढा येतो. तो फोल्डर वगळून पुन्हा शोधायचं. आता संदेशाची किल्ली सापडते, समजा ‘रीड-एरर’. ती शोधली की कोडमध्ये तीन जागा दिसतात. नवखा माणूस इथे तिन्ही फाइली वरपासून खालपर्यंत वाचायला घेतो. त्याला थांबवा.

डीबगर. तिन्ही जागी ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्राम थांबवणाऱ्या खुणा, लावा आणि बिघडलेली फाइल उघडा. एकाच जागी प्रोग्राम थांबेल. आता कॉल स्टॅक, म्हणजे कुठलं फंक्शन कुणी बोलावलं याची यादी, पाहा. ओळी पुष्कळ असतील, पण बहुतेक ग्राफिकल टूलकिटच्या किंवा सिस्टिमच्या. त्या बाजूला काढल्या की आपल्या प्रकल्पाच्या चारच उरतात: मेनूची निवड हाताळणारं फंक्शन, दस्तऐवज उघडणारं फंक्शन, फाइलचा प्रकार ओळखणारा भाग आणि प्रत्यक्ष बाइट वाचणारा पार्सर. तुम्ही कॉलवर तासभर जी रचना समजावणार होतात, ती या चार ओळींत आहे. फरक इतकाच की आता ती त्याने स्वतः पाहिली.

नकाशा. या चार भागांचा कागदावर नकाशा काढायला सांगा. काढायचा त्याने. तुम्ही काढलेला नकाशा तो मान डोलावून घेईल, पण त्याने काढलेल्या नकाशात त्याचे गैरसमज दिसतील, आणि ते दिसणं हाच नकाशाचा उपयोग आहे. बाण उलटा असेल तर "हा याला बोलावतो असं कशावरून?" एवढंच विचारा. उत्तर स्टॅकमध्ये आहे, ते तो पुन्हा जाऊन पाहील.

इतिहास. पार्सरमध्ये एखादी विचित्र अट दिसेल, जसं की फाइलच्या सुरुवातीचे काही बाइट सोडून पुढे जाणं. अशी ओळ पाहून नव्या माणसाला दोन गोष्टी वाटतात: एक तर आपल्याला काही कळत नाही, किंवा लिहिणाऱ्याला कळत नव्हतं. ‘गिट ब्लेम’ करून ती ओळ ज्या कमिटमध्ये आली तिथे जा, कमिटच्या संदेशातून इश्यूवर, म्हणजे नोंदवलेल्या अडचणीवर, जा. बहुधा तिथे कुणाच्या तरी खऱ्या फाइलची तक्रार असते. ब्लेमला ‘-डब्ल्यू’ दिलं की फक्त मोकळ्या जागेतले बदल वगळले जातात. ओळ इकडून तिकडे हलवलेली असेल तर ‘गिट लॉग -एस’ (मोठ्या लिपीतला एस) वापरा, तो मजकूर कुठल्या कमिटमध्ये आला किंवा गेला ते दाखवतं.

पूर्ण कोडबेसवर कधी फॉरमॅटर (कोडची मांडणी एकसारखी करणारं साधन) फिरवला असेल तर ब्लेममध्ये तोच कमिट सगळीकडे दिसतो. अशा कमिटचे क्रमांक ‘.गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज’ नावाच्या फाइलमध्ये ठेवायची पद्धत आहे. कोड ठेवायचं संकेतस्थळ गिटहब ती फाइल आपोआप मानतं, स्थानिक गिटला मात्र ती कॉन्फिगमध्ये सांगावी लागते. हे काम मेंटेनराचं आहे. पाच मिनिटांत होतं आणि प्रत्येक नव्या माणसाचा त्रास वाचवतं.

मोडून पाहणं. शेवटी ती अट मुद्दाम उलटी करायची आणि टेस्ट चालवायच्या. कोणत्या टेस्ट पडतात ते पाहिलं की टेस्टची मांडणी कळते. एकही टेस्ट पडली नाही तर ही अट कुणी तपासतच नाही. मग या माणसाचं पहिलं काम आपोआप सापडलं: त्या अटीची टेस्ट लिहिणं. हाताशी कोड आहे, कारण माहीत आहे, आणि मोडण्यासारखं काही नाही. यापेक्षा चांगलं पहिलं काम यादीतून शोधून मिळणं अवघड.

जपून: या टप्प्यात "आणि हा भाग पण बघून ठेव" म्हणत शेजारच्या खोल्यांमध्ये नेऊ नका. तुम्हाला ते सगळं एकमेकांशी जोडलेलं दिसतं, त्याला अजून दिसत नाही.

ताळा: दुसऱ्या दिवशी त्याला दुसरा संदेश किंवा दुसरं बटण द्या आणि एकट्याने धागा काढायला सांगा. तो कुठे अडला ते विचारा, उत्तर मिळालं का ते नंतर. अडलेली जागा सांगता येत असेल तर साधनं हातात बसली आहेत.

## ७. पहिलं काम

‘गुड फर्स्ट इश्यू’ हे लेबल लावणं सोपं आहे, इश्यू तसा असणं अवघड. कुबरनेटीस प्रकल्पात ‘गुड फर्स्ट इश्यू’ आणि ‘हेल्प वाँटेड’ ही दोन लेबलं वेगवेगळ्या अर्थांनी वापरतात: पहिलं नवख्यांसाठी, दुसरं बाहेरच्या कुणाचीही मदत चालेल अशा कामांसाठी. लिबरऑफिसमध्ये ‘ईझी हॅक’ म्हणून काम नोंदवताना कोडमधली जागा दाखवून द्यायची पद्धत आहे. हीच जागा दाखवणं सगळीकडे राहून जातं. मेंटेनराला ती इतकी उघड वाटते की लिहायचं सुचतच नाही.

इश्यूत इतकं असलंच पाहिजे:

- अडचण पुन्हा कशी घडवायची, पायरी-पायरीने.
- कोणत्या फाइलमध्ये आणि साधारण कोणत्या फंक्शनमध्ये पाहायचं.
- काम पूर्ण झालं हे कशावरून ठरेल. शक्यतो टेस्टच्या भाषेत.
- कशाला हात लावायचा नाही.
- अडल्यावर कुणाला विचारायचं.

कुठली कामं देऊ नयेत? पुढच्या रिलीजसाठी तातडीची असलेली, ज्यावर जुन्यांमध्येच एकमत नाही ती, आणि "कुणीतरी कधीतरी करेल" म्हणून वर्षानुवर्षं पडून असलेली. तिसऱ्या प्रकारचं काम पडून असण्यामागे बहुधा कारण असतं. फक्त शुद्धलेखनाच्या दुरुस्त्याही पहिलं काम म्हणून पुरत नाहीत. पॅच पाठवायचा सराव होतो हे खरं, पण कोडशी ओळख होत नाही.

काम कुणी घेतलं की मुदत मोकळेपणाने ठरवा. "दोन आठवड्यांत काही कळलं नाही तर इश्यू पुन्हा मोकळा करू, त्यात वाईट वाटून घेऊ नका" असं आधीच लिहा. स्वयंसेवकाला नोकरी असते, परीक्षा असतात. नियम आधी लिहिलेला असला की इश्यू अडकून राहत नाही आणि माणूसही अपराधी वाटून गायब होत नाही.

## ८. पॅच पाठवण्याआधी आणि पाठवताना

फॉरमॅटर आणि लिंटर (कोडमधल्या चुका दाखवणारं साधन) त्याच्या मशीनवर एका कमांडमध्ये चालले पाहिजेत, सीआयमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या आपोआप तपासणीत, चालतात त्याच आवृत्तीचे. आवृत्ती वेगळी असली की मशीनवर सगळं हिरवं आणि सीआयवर लाल.

सीआय त्याच्यासाठी तुमच्यापेक्षा वेगळी वागते, हे सांगून ठेवा. गिटहबवर पहिल्यांदाच योगदान देणाऱ्याच्या पुल रिक्वेस्टवर (बदल सामावून घ्यायच्या विनंतीवर) वर्कफ्लो, म्हणजे सीआयची कामं, आपोआप सुरू न होता मेंटेनराच्या मंजुरीची वाट पाहतात. नव्या माणसाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. पुल रिक्वेस्ट आली की आधी बदलांवर नजर टाका, विशेषतः वर्कफ्लोच्या आणि बिल्ड स्क्रिप्टच्या फाइलींवर, आणि त्याच दिवशी मंजुरी द्या. शिवाय फोर्कवरून आलेल्या पुल रिक्वेस्टला प्रकल्पाची गुपितं, म्हणजे टोकन आणि पासवर्ड, मिळत नाहीत. ती लागणारी एखादी पायरी सीआयमध्ये असेल तर ती बाहेरच्यांसाठी कायम लालच राहील. अशी पायरी फोर्कवर वगळली जाईल अशी सोय करा.

जपून: ही अडचण सोडवायला कुणी वर्कफ्लो ‘पुल रिक्वेस्ट टार्गेट’ या इव्हेंटवर चालवायला सुचवेल. त्यात गुपितं मिळतात हे खरं. पण तिथे बाहेरून आलेला कोड उतरवून चालवला तर ती गुपितं अनोळखी कोडच्या हाती जातात. तसं करू नका.

कायदेशीर बाबही कोड लिहायच्या आधी सांगायची, नंतर नाही. लिनक्स कर्नलसारख्या प्रकल्पांत प्रत्येक कमिटवर, हा कोड द्यायचा हक्क आपल्याला आहे असं सांगणारी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ओळ लागते, ती ‘गिट कमिट -एस’ने (लहान लिपीतल्या एसने) येते. काही प्रकल्पांना सही केलेला करार लागतो आणि नोकरदार माणसाला त्यासाठी कंपनीची परवानगी काढावी लागू शकते. काम पूर्ण झाल्यावर हे कळलं तर ते तिथेच अडकून पडतं. पॅच ईमेलने घेणाऱ्या प्रकल्पांनी ‘गिट सेंड-ईमेल’ची चाचणी स्वतःच्याच पत्त्यावर करून घ्यायला सांगावं. कर्नलमध्ये पॅच कुणाला पाठवायचा हे ‘गेट मेंटेनर’ स्क्रिप्ट सांगते आणि ‘चेकपॅच’ शैलीच्या चुका दाखवते, पण अशा स्क्रिप्टा आहेत हे आधी कुणीतरी सांगावं लागतं.

अर्धवट कामही ड्राफ्ट पुल रिक्वेस्ट म्हणून टाकायला सांगा. दिशा चुकली असेल तर ती तीस ओळींवर कळावी, तीनशेंवर नव्हे.

## ९. रिव्ह्यू

पहिल्या पॅचचा रिव्ह्यू करताना क्रम पाळा:

1. दिशा बरोबर आहे का? नसेल तर फक्त तेवढंच लिहा, बाकी ओळींवर काही नको.
2. दिशा ठीक असेल तर कोड बरोबर चालतो का, टेस्ट आहे का.
3. नावं, शैली, मोकळ्या जागा शेवटी. आणि जे लिंटर पकडू शकतो ते माणसाने लिहूच नये.

तिन्ही एकदम लिहिले की पॅचवर वीस शेरे पडतात, त्यातला महत्त्वाचा कोणता ते कळत नाही आणि माणूस सोप्यांपासून सुरुवात करतो. मग दिशा बदलते आणि सोप्यांवर घेतलेली मेहनत पुसली जाते. जो शेरा ऐच्छिक आहे, त्यापुढे "ऐच्छिक" असं लिहाच. नव्या माणसाला प्रत्येक शेरा हुकूम वाटतो.

"हे असं करत नाहीत" एवढं पुरत नाही. कुठे तसं केलेलं आहे, ती फाइल आणि ती जागा दाखवा. त्या निमित्ताने तो कोडचा अजून एक कोपरा पाहतो.

तुमच्या वेगवान हातांनी दोन मिनिटांत होणारा बदल स्वतःच करून मर्ज करण्याचा, म्हणजे मुख्य कोडमध्ये घेण्याचा, मोह आवरा. रिलीज अडली असेल आणि तसं करावंच लागलं, तर त्याचं नाव ‘को-ऑथर्ड-बाय’ ओळीत ठेवा आणि काय बदललं, का बदललं ते त्याला सांगा.

उशीर हा पहिल्या पॅचचा खरा शत्रू आहे. पूर्ण रिव्ह्यूला आठवडा लागणार असेल तर एका ओळीत तसं कळवा. दोन-तीन आठवड्यांनी उत्तर आलं तर तोवर मुख्य ब्रँच पुढे गेलेली असते, कॉन्फ्लिक्ट (बदलांची टक्कर) येतात, आणि ज्याने आयुष्यात कधी रीबेस (आपले बदल ताज्या ब्रँचवर पुन्हा बसवणं) केला नाही त्याच्यावर ते सोडवायची वेळ येते. असं झालंच तर सोबत बसून रीबेस करा. फोर्स पुश (सर्व्हरवरच्या ब्रँचच्या जागी आपली चढवणं) करावा लागला तर ‘फोर्स-विथ-लीज’ वापरायला शिकवा. सर्व्हरवर दरम्यान दुसऱ्या कुणाचं काम आलं असेल तर ते पुसण्याऐवजी पुश नाकारला जातो.

## १०. मर्ज झाल्यावर लगेच

पहिला पॅच मर्ज झाला की "धन्यवाद" म्हणून थांबणं ही फार जणांची चूक. त्याच दिवशी तीन गोष्टी करा.

पहिली, तो जिथे जिथे अडला ते त्यालाच कॉन्ट्रिब्युटिंग फाइलमध्ये लिहायला सांगा. यासाठी त्याने पहिल्या दिवसापासून अडचणींची नोंद ठेवलेली असली पाहिजे, म्हणून ते तिसऱ्या टप्प्यातल्या बोलण्यातच सांगून ठेवा. महिन्याभराने या अडचणी त्याच्याही लक्षात राहणार नाहीत.

दुसरी, पुढचं काम सुचवा. ते पहिल्याच्या शेजारचं, त्याच चार भागांतलं, पण थोडं मोठं असावं. पहिलं काम टेस्ट लिहिण्याचं होतं तर आता त्याच पार्सरमधला छोटा बग. अगदी वेगळ्या भागातलं काम दिलं की त्याला सहावा टप्पा पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

तिसरी, त्याला दुसऱ्यांच्या इश्यूंकडे पाहू द्या: बग पुन्हा घडतो का, कोणत्या आवृत्तीत घडतो, पुरेशी माहिती आहे का. गिटहबवर संस्थेच्या रिपॉझिटरीत ‘ट्रायाज’ नावाची भूमिका असते. त्यात इश्यूंना लेबल लावता येतं, ते बंद करता येतात, पण कोडमध्ये लिहिण्याचा अधिकार मिळत नाही. रिपॉझिटरी कुणाच्या वैयक्तिक खात्यावर असेल तर ही भूमिका तिथे मिळत नाही. अशा वेळी इश्यूवर "पडताळलं, अमुक आवृत्तीत घडतं" असा शेरा लिहायला सांगा आणि लेबल तुम्ही लावा. पुढचा नवा माणूस आला की त्याच्या मशीनवरचं पहिलं बिल्ड यालाच करून द्यायला सांगा, आणि कुठली सूचना अजूनही चुकीची आहे ते दोघांना मिळून एका पुल रिक्वेस्टमध्ये पाठवू द्या.